टेंभुर्णे बाबूंचं टेबल

टेंभुर्णे बाबू आमच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात कामाला लागले त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी आपल्या टेबलापुढची काच काढायला लावली. काच नवी कोरी होती. डॉक्टरसाहेबांनी हौसेनं नागपूरहून आणवली होती, बँकेत असते तशी, खाली हात जाईल एवढी खाच ठेवलेली. बाबू खुर्चीत बसले, त्या खाचेकडे पाहिलं, वाकून तिला तोंड लावलं आणि मला म्हणाले, "ताई, मी लोकाइशी असा बोलू का? मले तं पिंजऱ्यातल्या पोपटावानी वाटून राहिलं."

मी शेजारी बिलिंगला बसायची. मला हसू आवरेना. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अहो बाबू, पैशाअडक्याची जागा आहे. काच बरी असते."

"पैशाची जागा ताईची हाय साहेब. माझी बोलाची हाय."

दुपारी सुतार आला आणि काच गेली. तिच्या जागी बाबूंनी ओपीडीतून दोन खुर्च्या ओढून आणल्या आणि टेबलासमोर मांडल्या. दोन कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "दवाखान्यात मानूस एकटा येत नाही. एक बोलनारा असते अन् एक समजनारा असते. उभा ठेवला समजनाराच, तं बोलून काय फायदा?"

भंडाऱ्याहून गोंदिया वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी तिकडच्या जुन्या कागदांवर जिल्हा भंडाराच असायचा आणि कंप्युटर ते कागद परत पाठवायचा. अशा, कागद आणि कंप्युटर यांच्या भांडणात सापडलेल्या माणसांसाठी आमच्याकडे 'इन्शुरन्स डेस्क' निघाला होता. कुणाकडे कंपनीची पॉलिसी असायची, कुणाकडे रेशनकार्ड आणि सरकारी योजना. त्यांचे कागद वर पाठवायचे, मंजुरी आणायची, वरून प्रश्न आला तर उत्तर द्यायचं, हे बाबूंचं काम. त्याआधी ते चिखल्याला मँगनीजच्या खाणीच्या दवाखान्यात कारकून होते. मुदतीआधी निवृत्ती घेऊन जवळच शहापूरला घर बांधलं आणि स्वस्थ बसवेना म्हणून आमच्याकडे आले. दिसायला किरकोळ. दिवाळी झाली की अंगात चॉकलेटी स्वेटर चढायचा तो होळीलाच उतरायचा. टेबलाखाली चपला काढून बसायची सवय. बोलणं सगळं आपल्या झाडीपट्टीकडचं, मधे मधे चिखल्याच्या कॉलनीतली हिंदी.

समोर माणूस बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "जेवले का?" कार्ड, आधार, रिपोर्ट, सगळं त्याच्या नंतर. आणि मग इंग्रजी शब्द आला की ते तो शब्द जणू पाटावर घेऊन सोलायला बसत.

"कॅशलेस म्हनजे फुकट नाही, माय. पैसे देनारा दुसरा हाय. अन् दुसरा देनारा असला का तो विचारतेच, कायले लागले, कोनाले लागले. तो विचारन तेव्हा आपल्याजवळ उत्तर पायजे."

वेटिंग पिरियड समजावताना ते धानावर यायचे. "धानाचे परे टाकले अन् दुसऱ्या दिवशी लोंब आली, असं होते का कधी? काही बिमाऱ्याइले पॉलिसीत वाट पाहा लागते." को-पेमेंट म्हणजे बटईचं वावर, थोडं त्याचं, थोडं आपलं. ऑपरेशनच्या आधी घ्यायची मंजुरी म्हणजे मामाच्या घरी जेवायला जाण्याआधी धाडलेला निरोप: "न सांगता गेलं तं मामी जेवाले देईन, पन तोंड वाकडं करन." आणि वरून क्वेरी आली, असं ऐकून एखाद्याचा चेहरा उतरला की बाबू टेबलावर पुढे वाकायचे. "क्वेरी म्हनजे नाही नव्हे जी. तो विचारून राहिला. विचारनारा मानूस अजून उठून गेला नाही ना?"

हा नाद त्यांना कुठून लागला ते त्यांनीच मला सांगितलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. त्यांचे वडील चिखल्याच्या खाणीत खाली उतरून काम करायचे. एकदा कामगारांची तपासणी झाली. वडील घरी आले आणि बायकोला म्हणाले, "डॉक्टरनं मले फिट हाय म्हनलं."

"मायच्या हातातला तवाच पडला," बाबू सांगायचे. "तिच्या माहेरी एक जन फिट येऊन पान्यात पडून मेला होता. तिनं कांदा फोडला अन् बापाच्या नाकाले लावून बसली. बा म्हने, अवं मले काही नाही झालं. माय म्हने, ज्याले येते त्याले कुठं समजते! आजूबाजूच्या बाया जमल्या. एकीनं तं जोडा आनला हुंगवाले. शेवटी दवाखान्यातला बाबू आला पाहाले. तो म्हने, बाई, फिट म्हनजे धडधाकट! तं माय काय म्हने माहीत हाय? म्हने, मंग धडधाकट म्हनाले त्याच्या तोंडाले काय झालं होतं?"

इथे बाबू इतके हसायचे की खोकला लागायचा. मग डोळे पुसून म्हणायचे, "माझी माय शिकली नव्हती ताई. पन प्रश्न बरोबर होता."

तो प्रश्न आमच्या दवाखान्यातही एकदा आला, आणि तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. निदान आधी तरी.

रिसेप्शनवर पूजा नावाची मुलगी नवीनच लागली होती. हुशार, चटपटीत. मोहाडीकडच्या एका गावचे भोयर म्हणून गृहस्थ न्यूमोनियानं आयसीयूत होते. त्यांच्या बायकोनं पॉलिसीचं कार्ड दिलं होतं. पूजानं कंप्युटरवर पाहिलं आणि काऊंटरवरूनच मोठ्यानं हाक मारली, "भोयर यांचे नातेवाईक कोण? तुमचं एक्स्पायर झालंय!"

ती बाई बाकावरून उठली, एवढं मला दिसलं. पुढच्या क्षणी तिनं असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात धावले. ती खाली बसली, कपाळ बडवून घेऊ लागली. "अजी, सकाळी तं बोलले न माझ्याशी!" पूजा जागच्या जागी पांढरी पडली. आपण काय बोललो तेच तिला कळेना.

बाबू अनवाणीच धावले. समजावत बसले नाहीत. बाईचा हात धरला, "चाल माय, चाल मायासंगं," म्हणत तिला सरळ आयसीयूच्या दारातून आत नेलं. सिस्टर ओरडल्या, कुणी ऐकलं नाही. मी मागोमाग गेले. भोयर उशीला टेकून बसले होते आणि चमच्यानं पेज पीत होते. बायकोला पाहून त्यांचा चमचा तोंडाशीच थांबला.

"काहून रडून राहिली वं?"

"तुमी मेले म्हनून सांगतलं न मले!" असं म्हणून तिनं त्यांच्या दंडावर जोरात चापट मारली. मग आणखी एक. मग त्याच दंडावर डोकं ठेवून रडायला लागली.

भोयर घाबरून बाबूंना म्हणाले, "मी नाही मेलो जी."

"नाही मेले," बाबू म्हणाले. "कार्डाची मुदत मेली. तुमचं सारं बरं हाय."

मुदत खरंच संपली होती. पण त्यांचं रेशनकार्ड होतं, त्यावरून बाबूंनी त्यांना सरकारी योजनेत बसवलं. पूजा मागच्या पॅसेजमध्ये रडत होती. तिला कुणीतरी रागावणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. बाबू तिच्यासाठी चहा घेऊन गेले. "शब्द कंप्युटरचा होता, बेटा. पन तोंड तुझं हाय न. कंप्युटरनं देल्ला म्हनून तसाच्या तसा लोकाइच्या अंगावर फेकाचा नाही." त्या दिवसापासून आमच्या इमारतीत पॉलिसी एक्स्पायर होणं बंद झालं. फक्त 'मुदत संपली' म्हणायचं. डॉक्टरसाहेबसुद्धा तसंच म्हणू लागले.

भोयर पुढे तपासणीला येत तेव्हा बायको औषधं घ्यायला गेली की हळूच बाबूंच्या टेबलाशी यायचे. "बाबू, खरंच इतकी रडली का जी हे?" आणि बाबू दर वेळी ते रडणं थोडं वाढवून सांगायचे. शेवटी शेवटी तर ती बाई बेशुद्ध पडली होती.

आता, बाबू काही साधुसंत नव्हते. स्कूटर इतकी हळू आणि इतकी रस्त्याच्या मधोमध चालवायचे की मागे ट्रक हॉर्न वाजवून थकायचे. आपल्या अक्षराचा त्यांना फार गर्व होता आणि कंप्युटरनं ते अक्षर बेकार केलं म्हणून त्याच्यावर डूख होता. समोरच्याचं गाव विचारून त्यातून नातं काढायचा आणि नातं निघालं की लग्नाची मुलंमुली काढायचा त्यांना छंद होता. रांग वाढायची. मी खुणावलं की म्हणायचे, "लग्नाचं बोलून राहिलो ताई, बिमारीचं नाही," जणू त्यामुळे रांग कमी होणार होती. आणि समजावून सांगण्याचा हक्क आपल्या एकट्याचा, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा ते रजेवर असताना मी एका माणसाला को-पेमेंट म्हणजे काय ते एसटीच्या हाफ तिकिटाची उपमा देऊन सांगितलं. ते त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी डब्यातले लाखोरीच्या डाळीचे वडे त्यांनी सगळ्यांना वाटले आणि माझ्या टेबलावर आलेच नाहीत. कितीतरी दिवसांनी, उगाच दुसरंच काही बोलता बोलता, मला म्हणाले, "हाफ तिकीट लहान लेकराइले असते ताई. बिमार मानसाले नाही." तेवढं बोलून झालं आणि वडे पुन्हा सुरू झाले.

नाही म्हणायची वेळ आली की मात्र ते दुसऱ्या कुणाला पुढे करत नसत. एक शिक्षक होते, बायकोचं ऑपरेशन. पॉलिसी होती, पण त्या आजाराची वाट पाहायची मुदत अजून पुरी झाली नव्हती. बाबूंनी पुन्हा पुन्हा लिहिलं, फोन केले, काही उपयोग झाला नाही. वरून आलेलं 'नाही' त्यांनी चष्मा काढून, शिक्षकांकडे बघत सांगितलं. शिक्षक उभे राहून ओरडू लागले. मग त्यांनी हात उगारला. आम्ही सगळे उठलो.

बाबू बसूनच होते. "मारा जी," ते म्हणाले. "पन बसून मारा. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. उभ्यानं मारसान तं तुमालेच चक्कर येईन."

उगारलेला हात तसाच खाली आला. शिक्षक खुर्चीत बसले आणि दोन्ही तळव्यांत तोंड झाकून रडले. बाबूंनी समजूत घातली नाही. ऑपरेशन झालं, खर्च शिक्षकांनाच सोसावा लागला, तो क्लेम कधीच पास झाला नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बाबू त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले, बायकोला रिक्षात बसवलं. परत आले ते डबा न उघडता तसाच घरी घेऊन गेले.

पण बाबू म्हटलं की मला आधी आठवते ती पार्बताबाई.

धानाच्या रोवण्याचे, म्हणजे लावणीचे दिवस होते. मोहाडीच्या पलीकडे तलावाकाठी एक गाव आहे, तिथून ती सोमा नान्हेंना जीपमध्ये घालून घेऊन आली. तलावाच्या पाळीवरच त्यांच्या छातीत कळ आली होती. अंगावर ओलं धोतर, त्याला शेवाळ चिकटलेलं. डॉक्टरसाहेबांनी लगेच आत घेतलं, इंजेक्शन दिलं, धोका तेवढ्यापुरता टळला. बाहेर येऊन म्हणाले, "थांबवलंय. पण रक्ताची नळी उघडावी लागेल. फार उशीर करून चालणार नाही."

पार्बताबाई बाबूंच्या समोर बसली. पन्नाशीची, काटक, हाताला मासळीचा वास. बाबूंनी जेवणाचं विचारलं, मग कागद पुढे ओढला.

"सोमाभाऊ तुमचे कोन लागतेत?"

"कोनी नाही."

"कोनी नाही तं आनलं काहून?"

"कोनी नाही तं मरू देऊ का?"

बाबूंनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोमाभाऊंची बायको मोठ्या आजारात गेली होती. पार्बताबाईचा नवरा त्याच्या कितीतरी आधी. सोमाभाऊ तलावात जाळं टाकायचे, ती मासळी पार्बताबाई मोहाडीच्या बाजारात विकायची. सोमाभाऊ तिच्याकडेच जेवू लागले आणि काही वर्षांत दोन चुली होत्या त्यांची एक झाली. लग्न नाही, पाट नाही, काही नाही. मुलगा प्रकाश त्यावरून तुटला, जवळच्याच गावात वेगळा राहू लागला. रेशनकार्ड त्याच्याकडे होतं, त्यात बापाचं नाव होतं, आणि कार्डाशिवाय योजना नव्हती. बाबूंनी जीपवाल्याकडून प्रकाशचा नंबर मिळवून फोन केला. 'सोमाभाऊ' एवढा शब्द ऐकताच समोरून फोन बंद झाला.

संध्याकाळी बाबू मला म्हणाले, "ताई, आज तुमाले मोहाडीले मी सोडतो."

माझं घर मोहाडीला, प्रकाशच्या गावाच्या वाटेवर; ते राहणार शहापूरला, अगदी उलट्या बाजूला. काय आहे ते मी ओळखलं. स्कूटरवर मागे बसले. त्या दिवशीही ते हळूच चालवत होते, पण बोलत नव्हते.

प्रकाश नुकताच वावरातून आला होता. अंगणात पायावरचा चिखल धूत उभा होता. बायको दारात.

"त्या बाईनं धाडलं का तुमाले?"

"नाही जी. तिनं तं मले सांगतलं, मी त्याची कोनी नाही म्हनून. मी दवाखान्यातून आलो. बाबाची तब्येत बरी नाही तुमच्या."

"तं तिलेच म्हना न, कार्ड काढ म्हनून."

"तिच्या कार्डात बाबाचं नाव नाही. तुमच्या कार्डात हाय. सरकारच्या हिशेबानं तो तुमचा मानूस हाय. तुमच्या हिशेबानं हाय का नाही, ते मले नाही समजत. म्हनून विचाराले आलो."

प्रकाशनं तांब्या खाली आपटला. "माय गेली तं तिचं वर्ष नाही झालं, अन् हा त्या बाईच्या घरी जेवाले लागला! मी बिमार मायले उचलून न्हानीत नेत होतो, माहीत हाय का तुमाले?"

बाबू बाजेच्या कडेवर बसले. "लागलं असन तुमाले."

"लय लागलं."

समोरच्या धानाच्या बांधीतून बेडकांचा आवाज येत होता. मग बाबू म्हणाले, "मी तुमाले बाबाले माफ करा म्हनाले नाही आलो. ते जन्मभर नका करू, तुमची मर्जी. कार्ड मात्र पायजे."

प्रकाशची बायको आत गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आली. ते तिनं बाबूंच्या नाही, नवऱ्याच्या हातात दिलं. प्रकाश ते धरून उभा राहिला, उलटसुलट करत.

"सकाळी मीच आनून देतो," तो शेवटी म्हणाला.

बाबू "बरं" म्हणून उठले. रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. म्हटलं, "बाबू, हातात होतं ते. मागून घ्यायचं होतं ना! आणि नाही आला तर?"

"मागतलं असतं तं कार्ड आलं असतं," ते म्हणाले. "पोरगा नसता आला."

मला दारात सोडून ते गेले. त्यांचा जीवही थाऱ्यावर नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रोज वेळेवर येणारा माणूस दवाखान्याचं फाटक उघडण्याआधीच बाहेर उभा होता, मोहाडीच्या रस्त्याकडे तोंड करून.

प्रकाश आला. पार्बताबाई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाबूंनी कार्ड पाहिलं, नाव जुळवलं, बाकी कागद भरले आणि एका रकान्याशी थांबले.

"बाबाजवळ कोन राहनार हाय? त्याचं नाव लिहा लागते."

"रोवन्याचे मानसं लागले हायेत. मले जा लागते."

"तं मंग जो बसून राहीन त्याचं नाव लिहितो."

प्रकाश जमिनीकडे पाहत म्हणाला, "लिहा."

पार्बताबाईचं नाव लिहिलं. त्याच्यापुढचा रकाना होता, रुग्णाशी नातं. बाबूंनी तिला पुन्हा विचारलं नाही, मुलालाही विचारलं नाही. कागद घेऊन उठले. मलाही एका कागदावर सोमाभाऊंचा अंगठा हवा होता म्हणून मी त्यांच्याबरोबर आत गेले.

"सोमाभाऊ," बाबू वाकून म्हणाले, "पार्बताबाईचं नातं काय लिहू जी?"

सोमाभाऊंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी हातानं मास्क बाजूला केला.

"घरची," ते म्हणाले.

आमच्याकडे माणूस आपल्या बायकोला असंच म्हणतो. नाव घेत नाही. माझी घरची.

मागे आवाज झाला म्हणून मी वळले. पार्बताबाई दारात उभी होती. पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि डोळे भरून आले होते. क्षणभरच. मग ती तरातरा पलंगापाशी आली आणि मास्क त्यांच्या तोंडावर बसवत ओरडली, "काहून काढलं हे? बोलू नका म्हनलं न डॉक्टरनं! एवढ्यात काय पंचायत पडली होती बोलाची?"

तिच्या मागे, दाराबाहेर, प्रकाश होता. त्यानं ऐकलं होतं. बाबूंनी ते पाहिलं आणि काहीच न पाहिल्यासारखं करून कागदावर तो शब्द त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिला. 'पत्नी' नाही, 'इतर' नाही. 'घरची'.

वरून मंजुरी यायला दुपार झाली. मधे क्वेरी आलीच, दुसऱ्याच कुठल्या रिपोर्टची. बाबू खुर्चीतून उठले नाहीत, कुणाचं लग्न जुळवलं नाही. संगणकावर मंजुरी दिसली तेव्हा ते पार्बताबाईला सांगायला इतक्या घाईनं निघाले की त्यांच्याच मांडलेल्या खुर्चीला अडखळले. प्रकाश रोवण्याला गेला नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून होता. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. नळी उघडली, डॉक्टरसाहेब हसत बाहेर आले, तेव्हा कुठे तो उठला. जाताना पार्बताबाईसमोर थांबला, तिच्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर काय म्हनते ते फोन करून सांगजा."

"नंबर नाही मायाजवळ."

त्यानं बाबूंकडून कागदाचा तुकडा मागून घेतला आणि नंबर लिहून दिला. एवढंच. पुढे त्या घरात काय झालं, मला सगळं माहीत नाही. पण सोमाभाऊ बरे झाले. काही दिवसांनी पार्बताबाईनं बाबूंना ताजे झिंगे आणून दिले, फडक्यात बांधून, थेट इन्शुरन्स डेस्कवर. सबंध तळमजल्याला वास सुटला. डॉक्टरसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाबू, हे कुठल्या योजनेत बसतं?" बाबू म्हणाले, "याले वेटिंग पिरियड नाही साहेब, आजच खा लागते."

काही वर्षांनी बाबूंचा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग पेन अडखळू लागलं. एक दिवस वरून कागद परत आले: सही जुळत नाही. त्यांनी जुनी सही आणि नवी सही शेजारी शेजारी ठेवून खूप वेळ पाहिलं. "पाहा ताई," ते म्हणाले, "मले आता मीच ओळखू येऊन नाही राहिलो." हसून म्हणाले, पण दुसऱ्यांदा हसले नाहीत. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, सही दुसरं कुणी करेल, तुम्ही नुसते बसून बोला. बाबू तसे काही महिने येत राहिले. मग स्कूटर चालवणं अवघड झालं. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. त्यांच्या पत्नी, प्रमिलाबाई, त्यांना न्यायला आल्या होत्या. त्यांनी बाबूंचा स्वेटर घडी करून पिशवीत घातला. बाबूंनी पूजाला टेबलावर बसवलं. ती समोरच्या माणसाला जेवणाचं विचारते की नाही, ते दारात थांबून ऐकलं आणि गेले.

धान कापणीच्या सुमारास एका वर्षी ते वारल्याचा फोन आला. मी शहापूरला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, बुद्धविहारातून लोक बाहेर पडत होते.

पण मला ते शेवटचे दिसले ते त्याच्या आधी, उन्हाळ्यात. मी नागपूरला निघाले होते. शहापूरच्या थांब्यावर बस थांबली. हायवेच्या कडेला एका झाडाखाली न्हाव्यानं खुर्ची मांडली होती आणि तीत बाबू बसले होते, गळ्यापासून पांढरं फडकं गुंडाळलेलं, डोळे मिटलेले. आता मानसुद्धा हलत होती. न्हाव्याला घाई नव्हती. तो कैची हवेत धरून उभा राहायचा, मान जरा स्थिर झाली की एक बट कापायचा, पुन्हा थांबायचा. बाबू डोळे न उघडता त्याला काहीतरी सांगत होते. काय ते काचेतून ऐकू येत नव्हतं. न्हावी मान डोलावत होता, मधेच त्यानं काहीतरी विचारलं, आणि बाबू हसले. मी खिडकी उघडायला गेले. ती अडकली होती. मी दोन्ही हातांनी जोर लावला, खिडकी सरकली, आणि "बाबू!" म्हणून हाक मारेपर्यंत बस सुटली. वळून पाहिलं तर न्हावी कैची धरून तसाच थांबला होता, आणि बाबूंचं बोलणं अजून चालूच होतं.